घाट, फेरीबोट आणि भरती: कुटुंबासह कोकणच्या गाडीप्रवासाची आखणी

कोकणात गाडी घेऊन जायचं ठरलं की पहिली चूक नकाशावर होते. गुहागर ते मालवण अंतर बघितलं जातं, ते साधारण अडीचशे किलोमीटर दिसतं, आणि 'चार-पाच तासांत पोचू' असा हिशोब मांडला जातो. सागरी रस्त्याने एवढं अंतर एका दिवसात कापायला निघालात तर सकाळी सातला निघून अंधार पडल्यावर पोचाल. मधे काही बघणं झालेलं नसेल आणि मागच्या सीटवर दोन मुलं उलट्या करून झोपलेली असतील. इथला प्रवास तीन गोष्टींवर चालतो: घाट कोणता, खाडी कशी ओलांडायची आणि समुद्राला भरती कधी. किलोमीटर त्यानंतर.

तासांचा हिशोब असा धरा. पुणे-कोल्हापूर महामार्गावर ताशी साठ-सत्तर किलोमीटर सरासरी पडते. घाटरस्त्यावर आणि घाटाच्या अलीकडच्या-पलीकडच्या अरुंद रस्त्यावर पस्तीस. सागरी रस्त्यावर, म्हणजे गावातून, माडांच्या वाडीतून, चढ-उतारांवरून जाणाऱ्या वाटेवर, तीस. मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर दर दोन तासांना वीस मिनिटं थांबा धरा. एका दिवसात गाडी सहा तासांहून जास्त चालवायची नाही, फक्त जायचा आणि यायचा दिवस सोडून. हा नियम पाळला की बाकीची आखणी आपोआप लहान होते, आणि लहान झाली तरच ती चांगली होते.

घाट निवडणं

उतरायला एक आणि चढायला दुसरा घाट, अशी आखणी सर्वांत रंगतदार. त्यातून सह्याद्री दोन ठिकाणी बघायला मिळतो आणि त्याच रस्त्याने परत येण्याचा कंटाळा टळतो. उत्तरेकडून दक्षिणेकडे गेलं तर मुख्य पर्याय असे:

ताम्हिणी (पुणे-मुळशी-माणगाव) दिसायला देखणा आहे, पण शनिवार-रविवारी, त्यातही पावसाळ्यात, धबधब्यांपाशी दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या करून लोक रस्ता अडवतात. तिथून जायचं तर सकाळी साडेसातच्या आत घाट पार करा. वरंध (भोर-महाड) अरुंद आहे, दरडी कोसळतात, पावसाळ्यात तो बंद ठेवण्याचे आदेश निघतात. नवख्या चालकाने तिकडे वळू नये. आंबेनळी (महाबळेश्वर-पोलादपूर) प्रतापगडासाठी उत्तम, पण वळणं एवढी की गाडी लागणाऱ्या मुलांसाठी हा घाट म्हणजे शिक्षा. कुंभार्ली (पाटण-कोयनानगर-चिपळूण) कुटुंबासाठी आमच्या मते सगळ्यांत समतोल: कोयनेचं खोरं आधी, मग हेळवाक, घाटमाथा आणि खाली पोफळी. मात्र ट्रकची वर्दळ असते.

पुढे आंबा घाट (कोल्हापूर-मलकापूर-साखरपा-रत्नागिरी) रुंद आणि सरळ. त्याच्या खाली अणुस्कुरा राजापूरच्या बाजूला उतरतो, शांत आणि सुंदर, पण गाडी बिघडली तर मदत पोचायला वेळ लागतो. गगनबावड्याला रस्ता दोन घाटांत फुटतो: करूळ वैभववाडीकडे, भुईबावडा खारेपाटणच्या बाजूला. फोंडा घाट दाजीपूर-राधानगरीच्या जंगलातून कणकवलीला. आणि आंबोली सावंतवाडीहून आजऱ्याकडे.

निघण्याच्या आदल्या दिवशी घाट चालू आहे का, हे विचारल्याशिवाय गाडी काढू नका. रुंदीकरणासाठी करूळ घाट २०२४ मध्ये कित्येक महिने बंद होता, आणि नकाशाच्या भरवशावर निघालेले लोक गगनबावड्याला येऊन भुईबावड्याकडे वळत होते. विचारायचं कुणाला? ज्या घरगुती निवासात उतरणार आहात त्या मालकांना. त्यांच्याकडे रोज कुणीतरी घाट उतरून येत असतं, त्यामुळे त्यांची बातमी ताजी असते. दुसरी जागा म्हणजे घाटाच्या खालच्या एसटी स्थानकाची चौकशी खिडकी: एसटी जात असेल तर तुमची गाडी जाईल.

ऋतू

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सोपा काळ. हवा कोरडी, समुद्र शांत, रस्ते बरे. पण नाताळ ते नव्या वर्षाचा आठवडा मालवण-तारकर्लीत काढू नका. एका अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग आणि दुप्पट भाडं, एवढंच पदरात पडतं.

हिरवं कोकण बघायचं तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरची सुरुवात. भातं पिकायला आलेली असतात, धबधबे अजून वाहत असतात. फक्त गणपतीचे दिवस टाळा. मुंबईचा चाकरमानी गावी निघतो तेव्हा मुंबई-गोवा महामार्ग तुंबतो, आणि घरगुती निवास चालवणाऱ्यांच्या स्वतःच्याच घरी गणपती असल्याने ते पाहुणे घेत नाहीत. शिमग्यातही तेच. पालखी नाचत येत असेल तर रस्ता तिचा. गाडी बाजूला लावायची, हात जोडायचे आणि बघत राहायचं. घाई असणाऱ्यांनी शिमग्यात कोकणात जाऊच नये.

एप्रिल-मे म्हणजे आंबा, ओले काजू, फणस आणि घाम. दुपारी साडेअकरा ते चार बाहेर पडायचं नाही, हे मान्य असेल तर खुशाल जा. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, म्हणून ताजी सुरमई-पापलेट मिळेल ही आशा सोडा. मिळेल ती बर्फातली किंवा खाडीतली मासळी. पावसाळ्यात समुद्रातली पर्यटक होडी बंद असते, म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला किनाऱ्यावरूनच बघावा लागतो. लाटा बघायच्या, भजी खायची आणि आंबोलीच्या धुक्यात भटकायचं, एवढ्यासाठीच पावसाळ्यात जायचं असेल तर मात्र त्याला तोड नाही.

गाडीची तयारी

निघण्याच्या आठ दिवस आधी गाडी गॅरेजला दाखवा, आदल्या दिवशी नाही. काही बदलावं लागलं तर नव्या भागावर दोन-तीन दिवस गावात गाडी चालून बघता आली पाहिजे.

सगळ्यांत आधी ब्रेक. पॅड किती उरलेत ते चाक काढून बघायला सांगा. ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर बदला. ते हवेतली आर्द्रता शोषतं. लांब उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पायाखालचं पेडल एकदम पोकळ लागतं. सपाटीवर हे वर्षानुवर्षं कळत नाही, कुंभार्लीच्या मध्यावर कळतं.

मग टायर. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. '२३१९' असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, ओल्या वळणावर ते पकडत नाही. हवा किती हवी ते चालकाच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेलं असतं. पाच माणसं आणि डिकीभर सामान असेल तर त्यातला 'भरलेली गाडी'चा आकडा घ्या. हवा सकाळी थंड टायरमध्येच मोजायची. स्टेपनीची हवा मात्र हमखास विसरली जाते, आणि ती कमी असते. जॅक आणि पाना आहे का, आणि चाकाचा नट तुमच्या हातच्या पान्याने सुटतो का, हे घरीच करून बघा. मशीनने आवळलेला नट रस्त्यात सुटत नाही.

कूलंट, वायपरची रबरं, पुढचे दोन्ही दिवे, हॉर्न. हॉर्न घाटात शोभेचा नाही. पेट्रोल-डिझेलचा अंदाज असा: महामार्गावर लिटरला १८ किलोमीटर देणारी गाडी घाटात आणि सागरी रस्त्यावर १३-१४ देते. खाली दिलेला सहा दिवसांचा फेरा फिरणं धरून अकराशे किलोमीटरच्या आसपास जातो, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर लिटर. पंप तालुक्याच्या गावात भेटतात, मधल्या सागरी पट्ट्यात फारसे नाहीत. टाकी अर्धी झाली की भरा. सीएनजीवाल्यांनी पेट्रोलची टाकीही भरलेली ठेवावी, कारण सीएनजीच्या रांगा लांब असतात आणि भरल्या गाडीला चढावर पेट्रोलच बरं.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर एक खास सूचना. घाटमाथ्यावरच्या गावात मुक्काम करून बॅटरी शंभर टक्के भरून उतरायला लागू नका. बॅटरी पूर्ण भरलेली असताना उतारावर निर्माण होणारी वीज साठवायला जागा नसते, त्यामुळे गाडी आपोआप धरून ठेवण्याचा जो आधार असतो तो मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर निघा. खाली पोचेपर्यंत काही टक्के वाढलेलेच दिसतील.

घाटात गाडी कशी चालवायची

सह्याद्रीचा घाट दहा-पंधरा किलोमीटरमध्ये पाच-सहाशे मीटर खाली उतरतो. जुन्या चालकांचा नियम अजून खरा आहे: ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. बहुतेक ठिकाणी सेकंड, सैल उतारावर थर्ड. इंजिन गुरगुरेल, गुरगुरू द्या. तेच गाडी धरून ठेवतंय. ब्रेक वळणाच्या आधी, थोडा पण ठाम दाबायचा आणि सोडायचा. पाय सतत ब्रेकवर ठेवला तर पॅड तापतात, जळका वास येतो, मग ब्रेक कमी लागू लागतो. असा वास आला तर रुंद जागा बघून थांबा, पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्या. चाकावर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते. ऑटोमॅटिक गाडीत 'एल' किंवा मॅन्युअल मोड वापरा. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवणारे शहाणे अजून आहेत. त्यांच्या गाडीत बसू नका.

चढताना उलट. वेग ठेवा, हाफ क्लचवर गाडी लोंबकळत ठेवू नका. क्लच प्लेट जळाल्याचा वास ब्रेकच्या वासासारखाच असतो आणि खर्च त्याहून मोठा. तापमानाचा काटा वर सरकला तर एसी बंद करा, काचा उघडा. तरी वर जात असेल तर थांबा, पण रेडिएटरचं झाकण उघडू नका.

अरुंद जागी समोरासमोर आल्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, उतरणाऱ्याने थांबायचं. एसटी किंवा ट्रक आंधळ्या वळणावर पूर्ण रस्ता घेतो, त्याला दुसरा इलाज नसतो. वळणाच्या अलीकडे हॉर्न द्या, उलट हॉर्न ऐकू आला तर वळणात शिरूच नका. डांबराच्या कडेला पावसाने साइडपट्टी खचून वीतभर खोल पायरी झालेली असते. मोठ्या गाडीला जागा देताना चाक खाली उतरवायच्या आधी बघा. आणखी एक: चिऱ्यांच्या, म्हणजे बांधकामाच्या लाल दगडांच्या, ट्रकमधून सांडलेली जांभ्याची तांबडी भुकटी पहिल्या पावसात साबणासारखी होते. अशा लाल डागांवर वळण घेताना ब्रेक मारायचा नाही.

आंबोली आणि आंबा घाटात धुकं भर दुपारी उतरतं. अप्पर लाइट लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, डिपरवरच चालवा. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर चालू ठेवायची सवय सोडा. मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय ते कळत नाही. घाट दिवसाउजेडीच उतरायचा. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणजे घाटमाथ्यावर चारच्या आत पोचलं पाहिजे.

आता गाडी लागण्याबद्दल. हे घरोघरी दुर्लक्षिलं जातं आणि मग सगळ्यांचा दिवस जातो. ज्या मुलांना गाडी लागते त्यांना रिकाम्या पोटी नेऊ नका आणि दूध पाजूनही नेऊ नका; निघण्याच्या तासभर आधी कोरडी पोळी, मेतकूट-भात किंवा इडली असं हलकं. गोळी द्यायची तर डॉक्टरांना वयानुसार प्रमाण विचारून, आणि घाट सुरू व्हायच्या अर्धा-पाऊण तास आधी. पहिलं वळण आल्यावर दिलेली गोळी उलटीबरोबरच बाहेर येते. मोबाइल बंद, काच थोडी खाली, नजर लांबच्या डोंगरावर. मूल मध्यभागी बसलं की त्याला समोरचा रस्ता दिसतो, हा मोठा फरक आहे. आवळा सुपारी आणि आलेपाक जवळ ठेवा. जाड प्लास्टिकच्या पिशव्या, पाण्याची बाटली आणि एक जुना टॉवेल सीटच्या खिशात असू द्या, डिकीत नको.

सहा दिवसांचा फेरा

पुण्याहून निघणाऱ्या कुटुंबासाठी ही आखणी धरा. मुक्काम तीनच: गुहागर दोन रात्री, गणपतीपुळे किंवा रत्नागिरी एक, मालवण दोन. रोज बॅगा भरायला लागल्या की सहल आईच्या वाट्याला कामच होते.

पहिला दिवस. पहाटे साडेपाचला निघा. साताऱ्याच्या पुढे उंब्रजला वळून मल्हारपेठमार्गे पाटण, किंवा थोडं लांबून पण सोप्या रस्त्याने कराडहून पाटण. कोयनानगरला जेवणाआधी पोचता येतं. घाट उतरून पोफळी, शिरगाव, चिपळूण. तिथून गुहागर पंचेचाळीस किलोमीटर, म्हणजे सव्वा ते दीड तास. एकूण तीनशे किलोमीटर, थांबे धरून नऊ तास. संध्याकाळी पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, जा आणि लवकर झोपा.

दुसरा दिवस गाडी कमी. सकाळी व्याडेश्वर, मग वेळणेश्वर आणि हेदवी. हेदवीला दशभुज गणपतीचं दर्शन झाल्यावर खाली किनाऱ्यावर बामणघळ आहे: काळ्या कातळात एक अरुंद चीर, भरती चढत असताना लाट त्यात घुसते आणि पाणी उंच उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसता खडक दिसेल. म्हणून इथली वेळ भरतीवर ठरवायची.

भरतीची वेळ काढायला कोकणात जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट. त्या दिवशीची तिथी घ्या, पाऊणने गुणा, जे येईल त्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, पहाटे आणि दुपारी तीनच्या आसपास भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. शुक्ल असो वा वद्य, हिशोब तोच. सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं, पण दिवस आखायला पुरतं, आणि त्यासाठी घरातलं पंचांग किंवा भिंतीवरची दिनदर्शिका पुरे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर चढतं आणि खूप मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, फरक कमी. बामणघळ उधाणाच्या दिवसांत भरतीच्या तासभर आधी बघावी, आणि कातळाच्या ओल्या भागावर पाय ठेवू नये. कातळ ओला आहे याचा अर्थ लाट तिथपर्यंत येऊन गेली आहे.

तिसरा दिवस, तवसाळ-जयगड फेरीबोट. शास्त्री नदीची खाडी गाडीसकट ओलांडली की गणपतीपुळे वीस-बावीस किलोमीटरवर. रस्त्याने जायचं तर मोठा वळसा पडतो. हीच गोष्ट उत्तरेला दाभोळ-धोपावे फेरीबोटीची: दापोलीहून गुहागरला येताना खेड-चिपळूणमार्गे शंभराच्या वर किलोमीटर होतात, बोटीने निम्मे. बोटी सकाळी लवकर सुरू होऊन रात्रीपर्यंत चालतात, पण वेळा ऋतूप्रमाणे बदलतात आणि शेवटची बोट चुकली तर वळशाला अडीच-तीन तास जातात, म्हणून शेवटच्या बोटीवर आखणी करू नका. सुट्टीच्या दिवसांत सकाळी अकरा ते एक रांग लागते. उतारावरून बोटीत गाडी चढवताना हळू, बोटीवरची माणसं खुणावतील तशी, कधी सरळ कधी उलटी. जागेवर गेल्यावर इंजिन बंद, गिअर टाकून हँडब्रेक. फार खाली बसलेल्या गाडीचा बंपर फळीच्या टोकाला घासतो; सामान आणि मागची माणसं आधी उतरवली की घासत नाही. सुटे पैसे ठेवा, जेट्टीवर नेटवर्क असेलच असं नाही.

जयगडचा किल्ला, मालगुंडला केशवसुतांचं स्मारक, मग गणपतीपुळे. इथल्या समुद्राबद्दल स्पष्ट लिहायला हवं: तो दिसतो तेवढा साधा नाही. किनारा पटकन खोल होतो, परतणाऱ्या लाटेला ओढ असते आणि दरवर्षी कुणी ना कुणी बुडतं. मुलांनी घोट्याएवढ्या पाण्यात, मोठ्या माणसाचा हात धरून. ओहोटी लागलेली असताना पोहायला उतरायचंच नाही. पोहण्याची हौस गुहागरला भागवावी, तिथली पुळण सपाट आहे. पण तिथेही जीवरक्षकाच्या नजरेसमोरच.

चौथा दिवस सागरी रस्त्यावरचा सगळ्यांत लांबचा आणि सगळ्यांत देखणा. गणपतीपुळ्याहून आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी: डोंगराच्या कडेवरून रस्ता चढतो आणि उजव्या हाताला दोन्ही पुळणी एकाच वेळी दिसतात. तिथे थांबायला जागा केलेली आहे, वळणावर गाडी लावू नका. रत्नागिरीत टाकी भरा. मग भाट्ये पूल, पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे, जैतापूर. हा रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचाच पट्टा, नाव महामार्ग असलं तरी जागोजाग एकेरी. कशेळीत कनकादित्याचं मंदिर आणि जवळच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कातळशिल्पातला, म्हणजे कातळात कोरलेला, भलामोठा हत्ती आहे. सड्यावर झाड नाही, सावली नाही. अकराच्या आत बघून व्हायला हवा. कोकणातल्या कातळशिल्पांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत झाला. त्यांच्यावरून चालायचं नाही, खडूने रेघा ठळक करायच्या नाहीत, हे मुलांना आधीच सांगा.

जैतापूर-विजयदुर्ग-देवगड-कुणकेश्वर-आचरा-मालवण. वेळ बघून विजयदुर्ग किंवा कुणकेश्वर यातलं एकच निवडा. दुपारी दोनपर्यंत विजयदुर्गला पोचला नसाल तर किल्ला सोडा. आणि चारपर्यंत देवगड आलं नाही तर आतल्या नांदगाव-कणकवलीच्या बाजूने हमरस्ता धरून मालवणला जा. अंधारात सागरी रस्त्यावर गुरं बसलेली असतात, काळी म्हैस डांबरावर दिसत नाही.

पाचवा दिवस मालवण. सिंधुदुर्गाचं काम १६६४ मध्ये सुरू झालं. होडीने दहा-पंधरा मिनिटांत जाता येतं. पहिल्या होड्यांपैकी एक धरा, दहानंतर किल्ल्यात ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतात. लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचं आहे का ते बघा. मोठ्या माणसाचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निघून जातं. दुपारी झोप. संध्याकाळी तारकर्लीच्या पुढे देवबाग, किंवा गर्दी नको असेल तर परुळेच्या बाजूला भोगवे.

सहावा दिवस परतीचा: कुडाळ, सावंतवाडी, आंबोली, आजरा, कोल्हापूर, पुणे. साडेचारशे किलोमीटरच्या घरात जातं, म्हणून पहाटे पाचला निघायला हवं. सावंतवाडीत लाकडी खेळण्यांची दुकानं त्या वेळी बंद असतील. खेळणी घ्यायची तर पाचव्या दिवशी संध्याकाळी जाऊन या किंवा परतीचा दिवस कोल्हापुरात मुक्काम करून दोन भागांत करा. आजी-आजोबा असतील तर दुसरा पर्यायच बरा.

राहणं आणि जेवण

घरगुती निवास निवडताना फोटोपेक्षा चार प्रश्न विचारा: गाडी अंगणापर्यंत येते की पाखाडीने खाली उतरावं लागतं? कमोड आहे का? इन्व्हर्टर आहे का? जेवण कधी सांगावं लागतं? पहिल्या प्रश्नावर गुडघे दुखणाऱ्यांची सगळी सहल अवलंबून असते. वाडीतली घरं रस्त्यापासून पन्नास-साठ जांभ्याच्या पायऱ्या खाली असतात आणि फोटोत त्या छान दिसतात.

जेवण सांगितल्याशिवाय मिळत नाही, हे घाटावरच्या माणसाला पचत नाही. दुपारचं सकाळी नाश्त्याला सांगा, रात्रीचं दुपारी चारपर्यंत. उकडीचे मोदक आदल्या दिवशी. रस्त्यावरच्या खानावळी अडीचला आवरतात. तिखट न खाणाऱ्या मुलांसाठी वरण-भात, घावणे, आंबोळी कुठेही मिळतात, फक्त 'मुलांचं वेगळं काढा' एवढं आधी म्हणायचं.

नकाशा, फोन, औषध

नकाशा घरूनच उतरवून घ्या. तो दाखवतो तो 'सर्वांत जवळचा' रस्ता कधीकधी एका बैलगाडीएवढा रुंद असतो. फाट्यावर शंका आली की एसटीचा थांबा कुठल्या रस्त्यावर आहे ते बघा, एसटी जाते तो रस्ता धरा. रात्री बंद असलेल्या फेरीबोटीवरूनही नकाशा बिनदिक्कत नेतो.

संकटात ११२, रुग्णवाहिकेला १०८. रात्री अंगणातून फिरताना बॅटरी आणि बूट. जांभ्याच्या गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, आणि पाचोळ्यात फुरसं हा विषारी साप असतो, लहान आणि मातीच्याच रंगाचा. चावला तर दोरी बांधणं, चिरणं, चोखणं काही नाही. तो भाग हलू न देता थेट ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. मुक्कामाच्या गावाला जवळचं रुग्णालय कोणतं, हे पोचल्या दिवशीच विचारून ठेवा.

पुळणीवर गाडी

उतरवू नका. मनाई असते ती वेगळी गोष्ट, पण खारं पाणी खालच्या पत्र्याला आणि ब्रेकला खातं, आणि भरती थांबत नाही. तरीही कुणाची रुतलीच तर चाक फिरवत बसायचं नाही, प्रत्येक फेऱ्याला ते आणखी खाली जातं. सगळे उतरा, टायरची हवा पंधरा-अठरा पीएसआयपर्यंत कमी करा, चाकापुढची वाळू हाताने उकरून तिथे माडाच्या झावळ्या घाला, आणि सेकंड गिअरमध्ये अगदी हळू क्लच सोडा. गाडी निघाली की पहिल्या हवेच्या दुकानापर्यंत वीसच्या वर वेग नको.

घरी आल्यावर दोन दिवसांत गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, चाकांच्या आतून आणि सायलेन्सरच्या वरूनसुद्धा. एसीचा फिल्टर झटका, त्यात वाळू असते. टायरची हवा पुन्हा नेहमीच्या आकड्यावर आणा. ब्रेक लावताना स्टीअरिंग थरथरत असेल तर डिस्क तापून वाकली आहे. ती लगेच दाखवा, पुढच्या घाटापर्यंत तशीच ठेवू नका.